वीस हजार सातशे साठ

"एकशे त्र्याहत्तर दात्यांचं चाक हवंय," जोगळेकर मास्तर म्हणाले आणि त्यांनी हातातला कागद भाऊंच्या टेबलावर ठेवला.

"एकशे बहात्तर करून देतो की," भाऊ म्हणाले. "एक दाता इकडे-तिकडे. चंद्राला काय कळतंय?"

"चंद्राला नाही कळत, वाचनालयात येणाऱ्यांना कळतं. सहा महिन्यांत एक दिवस चुकेल. वर्षभरानं पौर्णिमेला माझ्या घड्याळात द्वितीया दिसेल."

"मग कुणीतरी काठीनं ढकला चंद्र मागे. आजवर तेच करत होतात ना?"

१९६८ सालचा नोव्हेंबर होता. भाऊ लांजेकर म्हणजे आमचे मालक. रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्याला त्यांचं वर्कशॉप होतं. लाँचची इंजिनं, पंप असली कामं यायची आणि मी तिथे मिलिंग मशीनवर गिअर कापायचो. चोवीस वर्षांचा होतो. जोगळेकर मास्तरांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. आता ते वाचनालयाचे चिटणीस होते. वाचनालयात एक उंच उभं घड्याळ होतं. त्याच्या वरच्या खिडकीत चंद्राच्या कला दिसायच्या, पण त्या सतत चुकायच्या. मास्तरांनी वर्षभर आकडेमोड करून नवी चाकं ठरवली होती.

"सातशे तीन चांद्रमास म्हणजे वीस हजार सातशे साठ दिवस," ते मला म्हणाले. "अगदी पूर्ण बरोबर नाही. चौदा हजार वर्षांत एक दिवस चुकतो."

"तोवर पितळ टिकेल होय?" भाऊ म्हणाले.

मास्तरांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "आणि ही संख्या फुटते कशी बघ. सातशे तीन म्हणजे एकोणीस गुणिले सदतीस. वीस हजार सातशे साठ म्हणजे एकशेवीस गुणिले एकशे त्र्याहत्तर. म्हणजे चार चाकं. तीन तुमच्याकडे होतील. अडचण आहे ती एकशे त्र्याहत्तरची. त्याला कशानंच भाग जात नाही."

अडचण मला लगेच कळली. चाकाचे दाते सारखे कापायचे तर मशीनला भोकांच्या थाळ्या लावाव्या लागतात. थाळीवर भोकांची वर्तुळं असतात, पंधराची, एकोणिसाची, सदतिसाची, अशी एकोणपन्नासपर्यंत. एकशेवीससारखी संख्या फुटते, म्हणून लहान वर्तुळावर भागते. एकशे त्र्याहत्तर फुटतच नाही. त्याला एकशे त्र्याहत्तर भोकांचंच वर्तुळ पाहिजे आणि ते आमच्याकडे नव्हतं.

"यशवंता, होईल?" भाऊंनी विचारलं.

"नाही होणार."

"तीन जानेवारीला पौर्णिमा आहे," मास्तर म्हणाले. "सकाळी अकराला घड्याळ सुरू करायचं ठरलंय. नाही झालं तर कमिटी त्या खिडकीवर फळी ठोकणार आहे." त्यांनी पिशवीतून पितळेच्या दोन चकत्या काढल्या. मुंबईहून आणलेल्या होत्या. "एक बिघडली तर दुसरी. तिसरी नाही."

ते गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "हे बघ, गिअरच्या कामाला मला मिस्त्री नेमायचाय. कोल्हापूरचा एकजण यायला तयार आहे. तुला नेमावा असं माझ्या मनात आहे, पण नुसतं मनात असून उपयोग नाही. हे चाक कर, मग तू मिस्त्री."

त्या वर्षी मे महिन्यात माझं लग्न झालं होतं. कुमुद राजापूरकडची. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली आणि शाळा सुटली. गणितात तिला ब्याण्णव होते, पण ते आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं. शिवणकामाचा क्लास केलेला असल्यामुळे खिडकीशी मशीन टाकून ती बायकांची पोलकी शिवायची. मी तिच्याशी कामाचं काही बोलत नसे. त्या दिवशी बोललो, कारण चिडलो होतो.

"एकशे त्र्याहत्तर?" ती म्हणाली आणि क्षणभर थांबली. "हो. नाही जात भाग."

"तुला काय ठाऊक?"

"दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. कशानंच जात नाही."

"आणि पुढे सतरा, एकोणीस?"

"पुढे बघायचं कारण नाही. सतरा सत्ते दोनशे एकोणनव्वद."

"सतरा सत्ते एकशे एकोणीस," मी म्हणालो.

ती हसली. "चुकले. सतरा सतरे. सतरानं भाग गेला असता तर दुसरा भाग सतराहून लहान आला असता, आणि लहान सगळे बघून झाले." मग टेप गळ्यातून काढत म्हणाली, "पण भागायचं कशाला? मोजा की."

"म्हणजे?"

"ही टेप दीडशे सेंटिमीटरची. तिला तेवीसचा तुकडा जोडला की झाले एकशे त्र्याहत्तर. तेवढ्या घेराची लाकडी चकती करा आणि तिच्या कडेला टेप चिकटवा. चकती आणि तुमचं पितळ एकाच दांड्यावर. चकती एक सेंटिमीटर फिरवली की एक दाता."

मी म्हणालो, "टेपनं कापड मोजतात. गिअर नाही मोजत."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं मशीन चालवता चालवता म्हणाली, "करायचं झालं तर दोन नव्या टेप आणा. एकाच बनावटीच्या. माझी घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी पंपाचं चाक कापताना दिवसभर माझ्या डोक्यात तेच होतं. लाकडी चकती पितळापेक्षा पाचपट मोठी होणार होती. म्हणजे टेपवर वाचताना केसभर चूक झाली तरी पितळावर ती पाचव्या हिश्शाची. यात खोट सापडेना. संध्याकाळी मी भाऊंकडे गेलो.

"भाऊ, माझ्या डोक्यात एक आलंय," मी म्हणालो.

असंच म्हणालो. माझ्या डोक्यात.

भाऊंनी ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "लेका, इतके दिवस हे डोकं कुठे ठेवलं होतंस?"

फणसाच्या फळीची चकती केली. टेप आणायला दुकानात गेलो, तिथे चार बायका उभ्या होत्या. त्यांच्यात उभं राहून शिवणकामाच्या टेप मागायची मला लाज वाटली. टेप म्हणजे टेप, असा विचार करून मी परत आलो आणि सकाळी कुमुदच्या मशीनच्या खणातून तिचीच टेप खिशात घातली. तेवीसचा तुकडा एका शिंप्याकडून मागून घेतला.

ती दिवसभर टेप शोधत होती.

"तुम्ही बघितलीत का हो?"

"उंदरानं नेली असेल."

"टेप काय खातो उंदीर?"

"त्यालाही पोलकं शिवायचं असेल," मी म्हणालो. ती हसली आणि शेजारणीची टेप मागून आणली.

चाक कापायला दोन दिवस लागले. दाते तीनदा मोजले, एकशे त्र्याहत्तर बरोबर भरले. मग एकोणीस दात्यांच्या लहान चाकाशी जुळवून फिरवलं. छान फिरत होतं, आणि मध्येच अडकलं. जोर लावला की सुटायचं, पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच अडकायचं. भाऊंनी स्वतः फिरवून बघितलं आणि हात पुसले.

"दाते जाड झालेत इथे. हे चाक गेलं. आता एकच चकती उरली, यशवंता. तीही घालवलीस तर मी कोल्हापूरला पत्र टाकतो. मग मला बोलू नकोस."

घरी गेलो तो तणतणतच.

"तुझी युक्ती फुकट गेली," मी म्हणालो. "आणि तो आकडाच अपशकुनी आहे."

कुमुद पोलक्याला बाही लावत होती. "काय झालं?"

"अडकतंय."

"सगळीकडे?"

"एकाच बाजूला."

"कितव्या दात्यापाशी?"

"ऐंशीच्या पुढे. पंच्याण्णवपर्यंत."

तिनं मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही, सुईकडेच बघत राहिली.

"म्हणजे उंदरानं नाही नेली," ती म्हणाली.

मी सदरा काढून खुंटीला लावला.

"ऐंशी ते पंच्याण्णव म्हणजे छातीचं माप. गल्लीतल्या सगळ्या बायकांची मापं तिथेच येतात. माहेरापासून तीन वर्षं रोज मी तिथेच धरून टेप ओढतेय. तेवढाच भाग ताणला गेलाय. तिथला सेंटिमीटर मोठा झालाय, म्हणून तुमचा दाताही मोठा झाला." मग म्हणाली, "मी माप घेताना तिथे पाव इंच सोडते. मला माहीत आहे. तुम्हाला कसं माहीत असणार?"

"नवी मागायची लाज वाटली," मी म्हणालो.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं दोरा तोडला, पोलकं उलटं करून बघितलं आणि म्हणाली, "उद्या मी आणते. चहा घेणार का?"

दुसऱ्या दिवशी तिनं एकाच पुड्यातल्या दोन टेप आणल्या. जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून रेघेला रेघ जुळते का ते बघितलं. मग खळ करून स्वतः टेप चकतीला चिकटवली, जराही न ओढता. चकती मला दोनदा किंचित घासावी लागली, तेव्हा एकशे त्र्याहत्तरची रेघ शून्याला मिळाली.

"रविवारी मी येते," ती म्हणाली. "पहिल्या वेळी तुम्ही एकटे होतात. रेघ बघायला इकडे, कापायला तिकडे. दोन माणसांचं काम आहे हे."

रविवारी वर्कशॉप बंद असायचं. चाक कापायला म्हणून मी भाऊंकडून किल्ली घेतली होती. कुमुद डबा घेऊन आली, पदर खोचून चकतीपाशी बसली आणि रेघ चकतीशेजारी बसवलेल्या काट्याला लावून म्हणाली, "एक."

मी कापलं.

"दोन."

असं चाललं. दर दात्याला साधारण दोन मिनिटं लागत. मशीनचा आवाज आणि मध्ये मध्ये तिचा आकडा. काही आकडे ती जरा जोरात म्हणायची. सदतीस. एक्केचाळीस. त्रेचाळीस.

"हे मोठ्यानं का म्हणतेस?"

"हे फुटत नाहीत."

पुढे पुढे मलाही कळायला लागलं. एकोणनव्वदच्या आधीच मी तिच्याकडे बघितलं आणि ती हसली. ऐंशी ते पंच्याण्णव तिनं फार सावकाश घेतले. तिचं तोंड चकतीच्या इतकं जवळ होतं की लाकडाचा भुसा तिच्या भुवईला लागला होता. लग्नाला सात महिने झाले होते. मी तिला नीट बघितलं ते त्या दिवशी.

एकशे अठराला दार वाजलं आणि भाऊ आत आले. कुमुद चटकन उठली. पदर सोडला, डबा हातात घेतला.

"काय वहिनी, जेवण घेऊन आलात होय?"

"हो. हे मोजताना जेवायचं विसरतात."

"विसरू दे. पण आकडा विसरू देऊ नका," भाऊ हसले. चाकाकडे बघून म्हणाले, "बरं दिसतंय रे," आणि गेले.

मी तेव्हाच सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण भाऊ दारापर्यंत गेले होते. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

"एकशे एकोणीस," कुमुद पुन्हा बसत म्हणाली. "सतरा सत्ते. आता बरोबर."

तिसऱ्या प्रहरी एकशे एकाहत्तर झाले, बहात्तर झाले, आणि तिनं शेवटचा आकडा मोठ्यानं म्हटला. लहान चाक लावून मी फिरवलं. एक फेरी, दोन, दहा. कुठेच अडकलं नाही. कुमुदनं माझ्या हातातून पंच घेतला आणि पहिल्या दात्यावर एक बारीक ठिपका ठोकला. "सुरुवात कुठून केली ते कळायला हवं," ती म्हणाली.

तीन जानेवारीला वाचनालयात पन्नासेक माणसं जमली. घड्याळ जोडताना मास्तरांनी उरलेल्या तीन चाकांवरही ठिपके मारून घेतले होते. अकराला चारही ठिपके एका रेषेत ठेवून घड्याळ सुरू केलं. मास्तर बोलायला उभे राहिले.

"ही चाकं आता फिरत राहतील. दोन चाकांचे ठिपके मध्ये मध्ये भेटतील, पण चारही एकदम पुन्हा भेटतील ते वीस हजार सातशे साठ दिवसांनीच. एक दिवस आधी नाही. कारण सातशे तीन आणि वीस हजार सातशे साठ या दोन संख्यांना एकापलीकडे कसलाही समान भाग नाही." मग त्यांनी विचारलं, "पण ते अवघड चाक टेपनं कापायची कल्पना कुणाची?"

"आमच्या यशवंताची!" भाऊ म्हणाले. "आमचे नवे मिस्त्री!"

टाळ्या वाजल्या. बायका भिंतीशी बसल्या होत्या. कुमुदही टाळ्या वाजवत होती. मी खाली बघत होतो. घड्याळाच्या दाराच्या आत पितळेची पट्टी लावली होती. तिच्यावर 'चाके व कल्पना : यशवंत ग. नार्वेकर' असं लिहिलेलं होतं. ती मास्तरांनी आधीच करून आणली होती.

आम्ही चालत घरी निघालो.

"उद्या भाऊंना सांगतो," मी म्हणालो.

"उद्या सांगितलंत तर भाऊ पत्र टाकतील."

"मग काय करू?"

"सांगायचं आहे ना पण?"

"सांगायचं आहे."

"मग तारीख ठरवू." ती चालता चालता ओठ हलवत हिशेब करत राहिली. मारुतीच्या देवळापाशी थांबली. "पाच नोव्हेंबर दोन हजार पंचवीस. बुधवार. चार ठिपके पुन्हा भेटतील त्या दिवशी. अकरा वाजता, तिथेच, सगळ्यांसमोर सांगा. तोवर मी विचारणार नाही."

मी हसलो. मला ती थट्टा वाटली. "तोवर आपण म्हातारे होऊ."

"मी शहात्तरची. तुम्ही एक्क्याऐंशीचे. एवढं काही नाही."

ती हसत नव्हती.

मी मिस्त्री झालो. पुढे भाऊ गेले, मास्तर गेले, वर्कशॉपही बंद झालं. घड्याळाची देखभाल मात्र माझ्याकडेच राहिली. कधी ते बंद पडलं तर जितके दिवस गेले तितके फेरे मी पुढे फिरवायचो, म्हणजे ठिपक्यांचा हिशेब चुकत नसे. दर एकशे त्र्याहत्तर दिवसांनी पहिले दोन ठिपके भेटायचे. कुमुद कॅलेंडरवर त्या दिवशी टिंब काढून ठेवायची आणि बाजारात जाताना वाचनालयात डोकावून यायची. "भेटले," एवढंच घरी येऊन म्हणायची. कबूल केल्याप्रमाणे तिनं कधी विचारलं नाही. मला मुदत मिळाली होती आणि मी ती पुरेपूर वापरली. भाऊ गेल्यावर सांगायला काहीच हरकत नव्हती. तरी मी सांगितलं नाही. लोक मला चाकवाले मिस्त्री म्हणत होते आणि ते मला आवडत होतं.

यंदा जूनमध्ये कुमुद आजारी पडली. जुलैत डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "मी आज मृणालला बोलावतो. आजच सांगतो." मृणाल शिवलकर म्हणजे सध्याची ग्रंथपाल.

तिनं डोळे उघडले. "आज तारीख काय?"

"चोवीस जुलै."

तिनं पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "एकशे चार दिवस आहेत अजून. ठरलं ते ठरलं."

त्याच दिवशी संध्याकाळी ती गेली.

पाच नोव्हेंबरला बुधवार होता, त्रिपुरी पौर्णिमा. मी साडेदहाला वाचनालयात गेलो. मृणालनं घड्याळाचं दार उघडून दिलं. पेपर वाचत तीन-चार जण बसले होते. अकराला चारही ठिपके एका रेषेत आले. कुमुदनं ठोकलेला ठिपका बाकीच्यांपेक्षा जरा खोल आहे, हे मला तेव्हा दिसलं.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सांगा की," एक गृहस्थ पेपराआडून म्हणाले. "पण मोठ्यानं. ऐकू कमी येतं."

म्हणून मी मोठ्यानं सांगितलं. एकशे त्र्याहत्तर, टेप, उंदीर, रविवार. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या गृहस्थांनी पेपर खाली ठेवला होता.

"मग इतकी वर्षं का बोलला नाहीत?"

"तिनं आजची तारीख दिली होती."

"आणि तुम्ही थांबलात?"

"हो," मी म्हणालो. "ती असताना सांगायला हवं होतं."

मी खिशातून पट्टी काढली. ऑगस्टमध्ये घरीच केली होती, अक्षरांचे जुने पंच वापरून. एक अक्षर वाकडं आलंय. 'कल्पना व मोजणी : कुमुद यशवंत नार्वेकर'. जुनी पट्टी काढून मी ती लावली. मृणालनं स्क्रू धरून दिले.

"काका, आता हे पुन्हा कधी भेटणार?"

"तितक्याच दिवसांनी. सप्टेंबर दोन हजार ब्याऐंशी."

"मी त्र्याऐंशीची असेन," ती म्हणाली आणि दार लावायला पुढे झाली. "लावू?"

"थांब जरा," मी म्हणालो आणि समोरच्या बाकावर बसलो. लहान चाक दिवसाला एक फेरा करतं. एक दाता सरकायला सव्वा तास लागतो. पेपर वाचणारे एकेक करून जेवायला गेले. सव्वाबाराला एक दाता पुढे गेला आणि ठिपके वेगळे झाले. मग मी उठून दार लावलं आणि घरी गेलो.